डिस्कसाठी १०,००० जास्त मोजले: प्लेस्टेशन ५ स्लिम, दीड वर्ष वापरून

ग्राफिक्स कसे दिसतात, कंट्रोलर हातात कसा थरथरतो, याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय. पीएस५ स्लिम, म्हणजे सोनीचा टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल, भारतात एप्रिल २०२४ मध्ये आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० होती आणि बिनडिस्कच्या, म्हणजे गेम फक्त नेटवरून उतरवून घ्यायच्या डिजिटलची ४४,९९०. गेम दोन्हींवर सारखेच चालतात. वरचे १०,००० द्यायचे की नाही, एवढ्या एका प्रश्नापायी मी नाशिकच्या एमजी रोडवर तीन चकरा मारल्या. शेवटी दिले. आज पुन्हा घ्यायचा झाला तरी देईन.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. सोनीचा मोठा नवा गेम ४,९९९ ला येतो, आणि त्या पैशांत आमच्या घरचा महिन्याचा किराणा बऱ्यापैकी भागतो. त्यामुळे मी नवा गेम क्वचितच घेते. ‘स्पायडर-मॅन २’ मी वापरलेला घेतला, २,८०० ला. मी आणि माझ्या मुलीने मिळून तो दोन महिन्यांत संपवला आणि त्याच दुकानात २,२०० ला परत दिला. म्हणजे सहाशे रुपयांत दोघींचे दोन महिने. दीड वर्षात असे अकरा गेम घेतले, त्यातले आठ विकले. डिजिटल दुकानातला सेलचा भाव धरून हिशेब मांडला तरी सहाव्या गेमपाशीच ते १०,००० वसूल झाले होते.

डिजिटल दुकानाच्या सेलमध्ये जुने गेम निम्म्याहून कमी किमतीला मिळतात, हे खरंच आहे. छोट्या स्टुडिओंचे कितीतरी चांगले गेम डिस्कवर येतच नाहीत. ते मीही डिजिटलच घेते. पण विकत घेतलेला डिजिटल गेम संपला की तो तिथेच पडून राहतो. विकता येत नाही, शेजारच्या मुलाला देता येत नाही. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच लागू झालाय, की अशा दुकानांनी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं: तुम्ही गेम विकत घेत नाही, वापरायचा परवाना घेताय. आपल्याकडे हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

मी ज्या दुकानातून घेते ते म्हणजे मोबाईलच्या कव्हरांमागे दडलेलं एक कपाट आहे. पण तिथल्या काकांनी मला डिस्क बघायला शिकवली. आधी मधलं भोक बघायचं. वारंवार ओढून काढलेल्या डिस्कला तिथून बारीक तडा जातो, आणि तडा दिसला की फुकट मिळाली तरी घ्यायची नाही. मग मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून डिस्क हळूहळू फिरवायची. मधून कडेकडे जाणारा ओरखडा बहुतेक वेळा चालून जातो. गोल, डिस्कच्या फिरण्याच्या दिशेने गेलेला ओरखडा वाईट, कारण माहितीही त्याच दिशेने गोल लिहिलेली असते. पीएस५च्या डिस्क ब्लू-रे जातीच्या. ब्लू-रे डिस्कमध्ये ही माहिती पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असते, डीव्हीडीत ०.६ मिलिमीटर. म्हणून ब्लू-रेवर कडक लेप असतो, आणि म्हणूनच डीव्हीडीसारखी ती घासून दुरुस्त करायला जायचं नाही. लॅबमध्ये दिवसभर काचपट्ट्या कडेने धरायची सवय असल्याने डिस्कही मी कडेनेच धरते. मुलीलाही तेच शिकवलंय.

माझा धाकटा भाऊ पिंपळगाव बसवंतजवळच्या गावात असतो, द्राक्षबाग आहे. त्याच्याकडे जुना पीएस४ आहे. डिस्कवाल्या पीएस५मध्ये पीएस४च्या डिस्कही चालतात, आणि आमच्या घरात या मशीनचा सगळ्यात मोठा उपयोग तोच झालाय. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ची २०२०ची डिस्क आमच्या दोघांत फिरते. त्याच्या गावात मोबाईलचं नेट धड चालत नाही. पन्नास जीबी उतरवायचे म्हटले तर त्याचे चार दिवस जातील. डिस्क घातली, कॉपी झाली, नेट न जोडताच गेम सुरू झाला. ‘गॉड ऑफ वॉर राग्नारोक’ची पीएस४ची डिस्क मी याच कारणासाठी मुद्दाम शोधून घेतली. थोडे पैसे भरले की माझ्याकडे ती पीएस५च्या आवृत्तीत चालते आणि त्याच्याकडे जशी आहे तशी. मात्र खेळताना डिस्क मशीनमध्ये असावी लागते, त्यामुळे दोघांना एकाच वेळी खेळता येत नाही. आम्ही पाळ्या लावतो.

आता जे खटकतं ते.

डिस्कचा खोका घेतला म्हणजे आत डिस्क असेलच, असं राहिलेलं नाही. गेल्या दिवाळीत मुलीसाठी एका ऑनलाइन दुकानातून एक गेम मागवला. खोका नेहमीसारखा, चित्र नेहमीसारखं. तिने प्लास्टिक नखाने सोलून काढलं, झाकण उघडलं, तर डिस्क बसवायची गोल जागा रिकामी. बाजूला बारा अक्षरांचा कोड छापलेला कागद. खोक्यावर खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं, पण विक्रीच्या पानावर कुठेच नव्हतं. मुलीने विचारलं, “आई, आपली डिस्क चोरली का?” मला फार वाईट वाटलं. खोका उघडला म्हणून दुकानाने परत घेतला नाही. आता मागवण्याआधी मी खोक्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा फोटो मागते, तुम्हीही मागा.

मोठ्या कंपन्याही याच दिशेने निघाल्यात. ‘ॲलन वेक २’ हा गेम ऑक्टोबर २०२३ मध्ये फक्त डिजिटल आला. डिस्क हवी असलेल्यांना ती मिळायला वर्ष गेलं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एस या कन्सोलला डिस्कची सोयच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये निघालेला पीएस५ प्रो हा सोनीचा सगळ्यात महाग कन्सोल, आणि त्यात डिस्क वाचणारा ड्राइव्ह नाही. तो वेगळा विकत घ्यायचा. हीच सोनी २०१३ मध्ये मोठ्या अभिमानाने दाखवत होती की पीएस४चा गेम मित्राला कसा द्यायचा: एकाने दुसऱ्याच्या हातात डिस्क दिली, संपलं. मायक्रोसॉफ्टने तेव्हा जुन्या, वापरलेल्या गेमवर बंधनं आणायचं ठरवलं होतं आणि लोक भडकल्यावर मागे घेतलं. त्या लोकांमुळे पुढची दहा वर्षं आपल्यासारख्यांना जुन्या डिस्क मिळाल्या, असं मी मनापासून मानते.

डिस्क हातात असूनही गेम जाऊ शकतो, हेही खरं. युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा २०१४चा गाड्यांचा गेम. ३१ मार्च २०२४ला त्याचे सर्व्हर, म्हणजे नेटवरून गेम चालवणारे कंपनीचे संगणक, बंद झाले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचीही निरुपयोगी झाली, कारण एकट्याने खेळतानाही त्याला सर्व्हर लागायचा. म्हणून मी आता वापरलेली डिस्क घेण्याआधी एक प्रश्न हटकून विचारते: हा नेटशिवाय चालतो का? काकांना सगळ्यांची उत्तरं माहीत नसतात, पण ते खरं सांगतात.

स्लिमचा ड्राइव्ह कव्हर काढून वेगळा करता येतो. तो मशीनशी पहिल्यांदा जोडताना मात्र इंटरनेटवरून नोंदणी करावी लागते. आज यात काहीच अडचण नाही. पण पंधरा वर्षांनी ड्राइव्ह बिघडला, दुसरा आणून बसवला आणि तोवर ती नोंदणी करणारा सर्व्हरच बंद झालेला असला तर? माझ्या कपाटातल्या डिस्क तेव्हा कशात घालायच्या? डिस्कवाल्या मशीनमध्ये अशी अट घालायलाच नको होती. या पूर्ण मशीनमध्ये माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

बाकी किरकोळ. कॉपी होताना ड्राइव्ह घरघरतो, रात्री शांत घरात जाणवतो. एकदा कॉपी झाली की गप्प. साठवणूक १ टीबीची, पण हाताशी साधारण ८४० जीबीच येते. डिस्कचा गेमही सगळा आतच कॉपी होत असल्याने डिस्क घेतल्याने जागा वाचेल, असं समजू नका. काही गेम डिस्क घातल्यावरही भलेमोठे अपडेट मागतात. लिव्हिंग रूममध्ये नेट चांगलं असेल आणि घरात एकटंच कुणी खेळत असेल, सेलची वाट बघायची तयारी असेल, तर डिजिटलने त्यांचं काम भागेल. घरात दोघं-तिघं खेळणारे असतील, नात्यात एखादा जुना पीएस४ असेल, तर डिस्कवालाच घ्या. आणि तो दुकानात मिळतोय तोवर घ्या.

मुलीने शंभर पानी वहीत रकाने आखलेत: गेम, कुणाला दिला, कधी दिला, कधी आला. ‘त्सुशिमा’पुढचा शेवटचा रकाना तीन आठवडे रिकामा आहे. बागेत सध्या पावसाने फारसं काम नाही, त्यामुळे भाऊ रोज रात्री खेळतोय. परवा त्याचा फोन आला, “ताई, अजून आठ दिवस ठेवू का? दुसरा भाग आत्ताच सुरू झालाय.” ठेव म्हटलं. मुलीने वहीत पेन्सिलीने लिहून ठेवलंय: मामाने मुदत वाढवून घेतली.