जुन्या आयथ्रीवर विंडोज ११: रुफस, टायनी११ आणि उत्तर-फाइल, आठ महिन्यांच्या वापरानंतर

सेतू केंद्र असो, डीटीपी-झेरॉक्सचं दुकान असो की तालुक्याची अभ्यासिका, मराठवाड्यात टेबलावर दिसणारं यंत्र साधारण एकच असतं: चौथ्या पिढीचा आयथ्री, ८ जीबी डीडीआर३ मेमरी आणि मागाहून बसवलेला २४० जीबीचा एसएसडी. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे या यंत्रांना सरळ वाट उरत नाही. म्हणून एकाच केंद्रातल्या तीन सारख्या यंत्रांवर तीन प्रकारे विंडोज ११ घातलं आणि पीक विम्याची गर्दी धरून आठ महिने रोजच्या कामाला लावलं. पहिल्यावर रुफस (बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणारं सॉफ्टवेअर) आणि उत्तर-फाइल (सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली फाइल) वापरून पूर्ण विंडोज, दुसऱ्यावर टायनी११ म्हणजे छाटलेलं विंडोज ११, तिसऱ्यावर त्याहूनही छाटलेलं टायनी११ कोअर. तिन्हीकडे लायसन्स खरं आणि मूळ आयएसओ (इन्स्टॉलची डिस्क-फाइल) मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेली.

पहिलं यंत्र आजही जसंच्या तसं चालू आहे. दुसरं चालतं, पण त्याकडे लक्ष ठेवावं लागतं. तिसरं तीन महिन्यांत पुसून नव्याने करावं लागलं आणि त्याला कारण ठरली मराठी.

हे दुखणं जुनंच आहे. एक्सपीच्या काळात एनलाइट हे विंडोजची सीडी बदलून बनवायचं सॉफ्टवेअर घराघरांत होतं. त्याचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे साटा हार्डडिस्कचा ड्रायव्हर सीडीत मिसळणं. एक्सपी २००१ची. तिच्या सीडीत साटाच्या एएचसीआय पद्धतीचे ड्रायव्हर नसत, त्यामुळे नव्या मदरबोर्डवर इन्स्टॉल करायला गेलं की ७बी क्रमांकाची निळी स्क्रीन यायची. नाहीतर एफ६ दाबून फ्लॉपी द्यायची, आणि तोवर फ्लॉपी ड्राइव्हच गेलेली. एनलाइटने हा ड्रायव्हर आधीच आत घातला की ते दुखणं मिटायचं. पण त्याच खिडकीत घटक काढून टाकायचीही यादी होती आणि लोक सीडी लहान करायच्या नादात तीत सढळ हाताने खुणा करत. त्यात भाषांच्या फाइली जायच्या. एक्सपीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांचा, सपोर्ट वेगळा चालू करावा लागे आणि तो सीडीवरच्या आय३८६ फोल्डरमधल्या लँग फोल्डरमधून फाइली मागे. फोल्डर नसला की जोडाक्षरं फुटायची आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची. अशा सीडीवर देवनागरी टायपिंगचं काम अशक्य होतं.

व्हिस्टापासून सगळं डब्ल्यूआयएम फाइलीत, म्हणजे विंडोजच्या एका गठ्ठा-फाइलीत, आलं. एनलाइटच्याच कर्त्याने आधी व्हीलाइट आणि पुढे एनटीलाइट काढलं. विंडोज ७बरोबर ती फाइल उघडून बदलायचं मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं साधन, डिझम, आलं. सहाव्या पिढीच्या बोर्डांवर विंडोज ७ टाकताना कीबोर्ड-माउस मरायचे ते याच काळात, कारण सेटअपमध्ये यूएसबी ३चा ड्रायव्हर नव्हता. पुष्कळांनी तो फक्त इन्स्टॉल डब्ल्यूआयएममध्ये घातला आणि डोकं धरून बसले. सेटअपची स्क्रीन बूट डब्ल्यूआयएमच्या दुसऱ्या इंडेक्समधून (आतल्या दुसऱ्या प्रतीतून) चालते, ड्रायव्हर तिथेही लागतो. माउंट केलेला, म्हणजे डब्ल्यूआयएम उघडून जोडलेला, फोल्डर एक्सप्लोररमध्ये उघडा ठेवून अनमाउंट केलं तर ते अर्धवट राहतं, तेव्हा आधी सगळ्या खिडक्या बंद करा.

आता तिसऱ्या यंत्राकडे. टायनी११चा बिल्डर ही पॉवरशेलची स्क्रिप्ट आहे. आयएसओ माउंट करा, ड्राइव्हचं अक्षर द्या, आवृत्तीचा इंडेक्स निवडा, ती हलकी आयएसओ बनवून देते. साधी टायनी११ अपडेट आणि नवी भाषा दोन्ही घेऊ शकते. कोअर मात्र विंडोजच्या घटकांचा साठा असलेला विनएसएक्सएस फोल्डरच छाटते, त्यामुळे पुढे त्यात अपडेट, भाषा किंवा ऐच्छिक घटक काहीही घालता येत नाही. ती चाचणीसाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही, असं बनवणारा स्वतःच बजावतो. आता हे बघा: विंडोज १०पासून मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट मूळ इन्स्टॉलमध्ये नसतात. ते देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स या ऐच्छिक घटकात असतात आणि मराठी भाषा जोडली की इंटरनेटवरून उतरतात. कोअरवर हे होतच नाही. निर्मला यूआय हा फॉन्ट मुळातच असल्यामुळे मराठी दिसते, म्हणून आधी काही कळत नाही. पण मंगलमध्ये केलेला जुना अर्ज उघडला की ओळी सरकतात, तक्ता दुसऱ्या पानावर जातो आणि प्रतिज्ञापत्राची सही भलत्याच जागी येते. त्यात सुरक्षा अपडेट नाहीत. जिथे लोकांची आधार आणि बँकेची कागदपत्रं स्कॅन होतात, तिथे असं यंत्र ठेवणं चूक आहे.

आणि हलकेपणाचा फायदा तरी किती? पूर्ण विंडोज सुरू झाल्यावर तीन जीबीच्या आसपास मेमरी घेतं, टायनी११ त्याहून थोडी कमी. ८ जीबीच्या यंत्रावर दोन ब्राउझर आणि वर्ड उघडले की हा फरक हाताला जाणवत नाही. ४ जीबी असेल तर जाणवतो, पण मग दुसरी रॅम घालणंच बरं.

पहिल्या यंत्राची रीत अशी. ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या. आधी बायोसमध्ये यूईएफआय (बूटची नवी पद्धत) निवडा, मग रुफसमध्ये आयएसओ, जीपीटी (डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत) आणि यूईएफआय. स्टार्ट दाबल्यावर येणाऱ्या खिडकीत रॅम, सिक्युअर बूट व टीपीएमची अट काढणे, ऑनलाइन खात्याची सक्ती काढणे, लोकल खातं तयार करणे आणि आपोआप होणारं बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) बंद करणे, एवढ्यांवर खूण करा. शेवटचं विसरू नका, रिकव्हरी की हरवली की डेटा गेला. या खुणांमधून रुफस एक उत्तर-फाइलच लिहितो.

ती स्वतः लिहायची असेल तर ऑटोअनअटेंड डॉट एक्सएमएल या नावाने पेनड्राइव्हच्या मुळाशी ठेवा. वेळेसाठी इंडिया स्टँडर्ड टाइम, इनपुटसाठी ४००९:००००४००९ हा भारतीय इंग्रजी आणि ०४४ई:०००००४४ई हा मराठी इनस्क्रिप्ट. शून्यं मोजून लिहा, दुसऱ्या भागात आठ अंक हवेत, एक चुकला तरी कीबोर्ड लागत नाही. डिस्क पुसायची आज्ञा या फाइलीत घालू नका. डेटाची दुसरी हार्डडिस्क लावलेली असेल आणि तिचाच क्रमांक शून्य आला, तर ती न विचारता पुसली जाते. पासवर्डही लिहू नका, फाइलीची प्रत विंडोजच्या पँथर फोल्डरमध्ये राहू शकते.

कोअर टू ड्युओवर वेळ घालवू नका. विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीपासून पॉपकाउंट आणि एसएसई४.२ या प्रोसेसरच्या सूचना लागतात, त्या चिपमध्ये त्या नाहीत. तिथे कुठलीच पळवाट चालत नाही.

आठ महिन्यांत तिन्ही यंत्रांवर आलेल्या तक्रारींपैकी दोन विंडोजच्या वाटल्या तरी विंडोजच्या नव्हत्या. वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी बसलेली असली की यंत्राचं घड्याळ मागे जायचं. तारीख चुकली की प्रत्येक सरकारी पोर्टल सर्टिफिकेटची चूक दाखवतं. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला की झालं. दुसरी मे महिन्यातली मंदगती. ४२ अंशांत, धुळीने भरलेल्या हीटसिंकवर प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. ब्लोअरने धूळ काढा, थर्मल पेस्ट नवी लावा. विंडोजची म्हणावी अशी एकच: मेमरी इंटिग्रिटी (घातक ड्रायव्हर आत येऊ न देणारी सुरक्षेची सोय) चालू असेल तर सातव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर मंदावतात, कारण तिला लागणारी सोय त्यांच्या चिपमध्ये नाही. जुन्या डाँगलचा ड्रायव्हरही ती अडवते. बंद केली तर संरक्षणाचा एक थर जातो, तेव्हा डाँगल लागणाऱ्या एकाच यंत्रावर बंद ठेवली.

दर महिन्याची सुरक्षा अपडेट पहिल्या दोन्ही यंत्रांवर आपोआप येत राहिली. वर्षाची मोठी आवृत्ती येत नाही, ती हाताने करावी लागते: नवी आयएसओ माउंट करून कमांड प्रॉम्प्टमधून सेटअपला स्लॅश प्रॉडक्ट, जागा सोडून सर्व्हर असं द्यायचं. स्क्रीनवर विंडोज सर्व्हर दिसतं, घाबरू नका, बसतं साधं विंडोज ११च. फाइली आणि अॅप्स ठेवण्याचा पर्याय करडा दिसला तर आयएसओची भाषा तपासा. मूळ इन्स्टॉल इंग्लिश इंटरनॅशनल असेल आणि नवी आयएसओ नुसती इंग्लिश असेल तर तो मिळत नाही. टायनी११वर या फेरीत काढलेली बरीचशी अॅप्स परत आली, म्हणजे छाटणी पुन्हा करणं आलं. हे काम पीक विम्याची मुदत आणि प्रवेशाचे दिवस टाळून, आधी डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून, सी ड्राइव्हवर किमान ३० जीबी मोकळी करूनच हाती घ्या.