डेटास्टोअर: सेटिंग जपणारं, पण शिस्त मागणारं

मालवण-देवगडच्या होडीवाल्यांसाठी भरती-ओहोटीचं अ‍ॅप करायचं, तर बंदर कोणतं आणि खोली वावांत की मीटरमध्ये, हे एकदाच विचारावं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. नंतर नारळी पौर्णिमेला अ‍ॅप उघडलं तरी बंदर तेच दिसायला हवं. अँड्रॉइडवर यासाठी जेटपॅक डेटास्टोअर, म्हणजे सेटिंग फोनवर साठवणारी गूगलची लायब्ररीच घ्यावी.

सेटिंग साठवण्याची जुनी सोय म्हणजे शेअर्ड प्रेफरन्सेस. तिच्यातली 'अप्लाय' ही जतन करायची आज्ञा बदल आधी मेमरीत करते, डिस्कवर मागाहून. तिथे लिहिणं फसलं तर कोडला कळतच नाही. शिवाय अ‍ॅपची स्क्रीन बंद होताना उरलेलं लिखाण मुख्य थ्रेड (स्क्रीन हलती ठेवणारा कामाचा धागा) अडवतं आणि स्वस्त फोनवर अ‍ॅप गोठतं. डेटास्टोअरचं 'एडिट' सगळं लिहितं किंवा काहीच नाही, आणि चूक झाली तर सांगतं. समुद्रात बॅटरी संपते, तिथे हे फार मोलाचं.

सर्वाधिक घोळ होतो तो एकाच फाइलवर दोन डेटास्टोअर उघडल्याने: अ‍ॅप थेट बंद पडतं. म्हणून डेटास्टोअर कोटलिन भाषेतल्या कोडफाइलच्या वरच्या पातळीवर, कुठल्याही क्लासबाहेर, एकदाच जाहीर करावं. शेअर्ड प्रेफरन्सेसमधली जुनी सेटिंग आणायला शेअर्डप्रेफरन्सेसमायग्रेशन हा तयार क्लास पुरतो. फाइल बिघडलीच तर मूळ मूल्यांवर परतण्यासाठी करप्शन हँडलर पहिल्या दिवसापासून लावावा.

उणीव एकच जाणवते: वाचन फ्लोमधून, म्हणजे मागाहून येत राहणाऱ्या मूल्यांच्या प्रवाहातून येतं, त्यामुळे पहिल्या क्षणी बंदराचं नाव रिकामं दिसू शकतं. पण तेवढ्यासाठी 'रनब्लॉकिंग' (मूल्य येईपर्यंत थांबवून ठेवणारं फंक्शन) वापरून मुख्य थ्रेड अडवू नये. मूल्य येईपर्यंत लोडिंग दाखवावं. आणि सेटिंग कॅशे फोल्डरात कधीच ठेवू नये, जागा कमी पडली की अँड्रॉइड ते रिकामं करतं.