पद्मिनी घेताय? आधी पायाखालची मॅट उचला

माझी प्रीमियर पद्मिनी १९८६ ची. जानेवारी २०२१ मध्ये घेतली, त्याच वर्षी दसऱ्याला रस्त्यावर आली आणि तेव्हापासून अकरा हजार किलोमीटर चालली. कोल्हापुरात माझं औषधाचं दुकान आहे. घर ते दुकान रोज, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा आंबा घाट उतरून माहेरी रत्नागिरीला, असा तिचा वापर आहे. लग्नाच्या वरातीपुरती बाहेर काढायची गाडी नाही ही. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००च; हल्ली बरेच जण अशी जुनी फियाट शोधतायत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न इंजिनाचा असतो, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

इंजिनाचं सोडा. पत्रा बघा.

हे मला शिकवलं आमच्या चाचांनी. चाचा म्हणजे उद्यमनगरातले मिस्त्री. चाळीस वर्षं फियाट आणि ॲम्बेसेडर उघडून बसवतायत. पहिली गाडी माझ्या भावाने रत्नागिरीत शोधली होती. मरून रंग, आरशासारखा चकचकीत, क्रोमचे बंपर, आत नवीन रेक्झिन. सेल्फ मारला की एका झटक्यात चालू. मी तर मनातल्या मनात किल्ली घेतलीच होती. चाचांना सोबत नेलं होतं. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. खिशातून जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढलं, रंगाला ओरखडा नको म्हणून रुमालात गुंडाळलं आणि गाडीवरून फिरवायला लागले. बॉनेटवर टक्कन चिकटलं. छपरावर चिकटलं. मागच्या चाकाच्या कमानीवर ठेवलं आणि ते रुमालासकट घसरून खाली आलं. दाराच्या खालच्या कडेला तेच. तिथं पत्रा नव्हताच, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून वरून रंग मारला होता.

मग त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली. खाली ताजं डांबर फासलेलं. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेले. एका जागी आवाज बद्द आला. टोक उलटं करून नुसतं दाबलं तर ते आरपार गेलं. बाहेर काढल्यावर त्या भोकातून मला खालचं गवत दिसलं. गाडीवाले काही बोलले नाहीत, आम्हीही नाही. परतीच्या एसटीत चाचा म्हणाले, "वहिनी, इंजिन पुन्हा हुबं करता येतंय. कुजल्याला पत्रा हुबा करता येत न्हाई."

असं का, ते त्यांनी नंतर गॅरेजमध्ये गाडी वर उचलून दाखवलं. जुन्या जीपला खाली लोखंडी चासी असते आणि वर बॉडी ठेवलेली असते. बॉडी सडली तर दुसरी बसवता येते. फियाट ११०० ची घडणच वेगळी: तिला निराळी चासी नाही, पत्राच चासी. दरवाजाखालचा डबा (पत्र्याचा पोकळ पट्टा), फ्लोअर, मागचे पाटे (स्प्रिंगा) जिथं बसतात ती जागा, यांनीच सगळं वजन पेललेलं असतं. ते गेलं की दारं लागेनाशी होतात, चाकं सरळ राहत नाहीत, आणि कितीही वेल्डिंग करा, गाडी मूळ मापात येत नाही. म्हणून बघायच्या जागा अशा: चारही मॅटखालचा फ्लोअर, दाराखालचे डबे, बॅटरीची बैठक (ॲसिड सांडून ती खाल्लेली असते), स्टेपनी बाहेर काढून डिकीचा तळ, हेडलाइटच्या मागची बाजू. ताजं डांबर किंवा अंडरकोट दिसला की संशय घ्या. गंज झाकायला डांबराइतकं स्वस्त दुसरं काही नाही.

माझी गाडी मिळाली जतला. तिथल्या दुष्काळी हवेने ती सांभाळली असं मी मानते. एका निवृत्त शिक्षकांची, वडिलांनी नवी घेतलेली, पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं उभी. फिक्कट आकाशी रंग उडालेला, चारही टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांचं घर. बॅटरी जोडून कशीबशी चालू केली तर मागून पांढरा-निळा धूर. पण मॅट उचलली आणि खाली कारखान्याचा मूळ रंग तसाच होता, धुळीने माखलेला. चाचांनी मुठीने पुढून मागपर्यंत ठोकलं. सगळीकडे एकसारखा खणखणीत आवाज. तिथंच व्यवहार केला. एक लाख दहा हजार. रत्नागिरीची चकचकीत गाडी दोन लाख ऐंशीला होती. तुम्हीही शोधत असाल तर किनाऱ्यावरची गाडी सोडा आणि जत, आटपाडी, सांगोला या बाजूला फिरा. उन्हाने रंग जातो, पत्रा राहतो.

गुरुजींनी किल्ली देण्याआधी डिकीतून एक डबा काढून दिला. त्यात १९८६ पासूनच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या होत्या, तारखेवार लावलेल्या. असा डबा मिळाला तर गाडीला दहा-वीस हजार जास्त मोजायला हरकत नाही.

इंजिनाचं काम मात्र उद्यमनगरने चोख केलं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं साधं इंजिन, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. लेथवर हात बसलेल्या कुठल्याही माणसाला ते कळतं. बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन, नव्या रिंगा, हेड घासून व्हॉल्व्ह बसवणे, सगळं मिळून ४८ हजार. एक बुश बाजारात कुठंच मिळेना. एका टर्नरदादांनी जुन्या बुशचं माप घेऊन पितळेचं तासून दिलं, दुपारी दिलं आणि संध्याकाळी बसलंसुद्धा. ज्या गावात लेथ आहे तिथं फियाटचं इंजिन मरत नाही. रंग, सीट, वायरिंग, टायर धरून एकूण खर्च दोन लाखांच्या थोडा वर गेला.

सुट्या भागांचं मात्र दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डुक्कर फियाट (जुन्या गोलसर फियाटचं टोपणनाव) निघाली, १९६४ पासून ११०० डिलाइट, आणि तीच गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने. उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, तरी मुंबईची काळी-पिवळी पळत होती तोवर पॉइंट, क्लचप्लेट, रबरं सगळं नवं बनत होतं, कारण रोज लागत होतं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी नाही. तेव्हापासून फरक मला स्वतःला जाणवतो. आधी फोन केला की दुकानदार "आहे, पाठवतो" म्हणायचा, आता "बघून सांगतो" म्हणतो. चोर बाजारात मी दोनदा गेले. बॉनेटवरचा मोनोग्राम आणि क्वार्टर ग्लासची (पुढच्या दारातल्या छोट्या तिकोनी काचेची) खिट्टी मिळाली, दोन्ही अस्सल. तिथं जाताना जुना तुटका भाग पिशवीत घेऊन जा. नाव सांगून उपयोग नाही, एकाच वस्तूला तिथं चार नावं आहेत. भाग शेजारी ठेवून आटे जुळवा, मग पैसे काढा.

आणि आता जे सांगतेय ते कृपा करून लक्षात ठेवा. पुण्यातल्या एका दुकानातून मी ब्रेकच्या व्हील सिलिंडरची किट, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकच्या सिलिंडरात बसणारी रबरं, मागवली. "जुना स्टॉक आहे, कंपनीचा, सीलबंद" असं सांगून दुप्पट पैसे घेतले. पाकीट खरंच सीलबंद होतं, छापही खरा. चाचांनी बसवली. दोन महिन्यांनी आंबा घाट उतरताना तिसऱ्या वळणाला ब्रेकचं पेडल पायाखाली खाली-खालीच गेलं. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, डोंगराच्या बाजूला चाक घासत गाडी थांबली. शेजारी आई बसली होती. मागचं डावं चाक ब्रेकऑइलने भिजलेलं होतं. रबर पाकिटातच पंचवीस-तीस वर्षं पडून कडक झालेलं, दाब आल्यावर त्याची कड फाटली. मी रोज औषधाच्या पाकिटावरची मुदत बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात ते देत नाही, आणि रबरालाही मुदत असते हे माझ्या ध्यानात आलं नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं. जुन्या स्टॉकचं लोखंड घ्या, पितळ घ्या, काच घ्या. रबर कधीही घेऊ नका. ब्रेकचं तर नाहीच. चाचांनी नंतर मापाची नवीन रबरं दुसऱ्या गाडीच्या किटमधून जुळवली आणि ती आजतागायत पक्की आहेत.

रबराचंच दुसरं दुखणं पेट्रोलचं. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. या गाडीचे पाइप आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा त्या काळचे; इथेनॉलने ते फुगतात आणि मऊ पडतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, म्हणजे लोखंडी टाकीला आतून गंज. आम्ही सगळे पाइप बदलून इंजेक्शनच्या गाडीला लागतात तसले घातले, पंपाला नवा पडदा टाकला. टाकीत पेट्रोल महिनाभर पडू देत नाही. जिला महिन्यातून एकदा चालवायची असेल तिने थोडंच पेट्रोल भरावं.

चालवायला कशी आहे? मला तिच्याइतकी मोकळी दुसरी कुठलीही गाडी वाटत नाही. स्टिअरिंगलगतचा हँड गिअर पहिले आठ दिवस हाताला जड जातो, मग बोटांनाच वाट कळते. पुढचं सीट सलग असल्यामुळे आई, मी आणि मध्ये भाची अशा तिघी पुढे बसतो. क्वार्टर ग्लास पूर्ण उलटी फिरवली की वारा थेट मांडीवर येतो. चालत्या गाडीत एसीची आठवण होत नाही. काचा मोठ्या, खांब बारीक, चारही कोपरे सीटवरून दिसतात. महाद्वार रोडच्या गर्दीत मी ती नव्या गाडीपेक्षा निर्धास्त काढते. ताशी साठ-पासष्टला इंजिन खूश असतं. त्यावर नेऊ नका. हायवेवर बारा-तेराचं ॲव्हरेज देते.

उणिवाही सांगते. चारही चाकांना ड्रमब्रेक. पावसात साचलेल्या पाण्यातून गेलात की पुढचे दोन-तीन ब्रेक लागतच नाहीत. पाण्यातून बाहेर पडल्यावर पेडल हलकं दाबून धरत चालवायचं, ड्रम सुकतात. रात्री दिव्यांचा उजेड पुरत नाही, मी अंधाराआधी घाट ओलांडते. उभ्या गाडीचं स्टिअरिंग वळवायला दंडात ताकद लागते. आणि एप्रिलमधली चढण. साखरप्याहून वर येताना गेल्या उन्हाळ्यात गाडीने दोन गचके दिले आणि बंद पडली. इंजिनाच्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली होती. फडकं भिजवून पंपाला गुंडाळलं, बॉनेट उघडं ठेवून पंधरा मिनिटं सावलीत बसलो, मग एका सेल्फला चालू. तेव्हापासून पाण्याची बाटली आणि सुती फडकं बॅटरीशेजारी कायम असतं.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. माझ्या गाडीचा नंबर एमएच येण्याआधीचा, तीन अक्षरी. आरसीची मुदत संपलेली होती, ती नव्याने करून नावावर घेतली. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी फिटनेस बघून आरसी वाढवावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. रिन्यूअलची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या चारचाकीला १०,००० आहे. माझं पुढच्या वर्षी आहे, पैसे बाजूला काढलेत. "व्हिंटेज नंबर घेऊन टाका" असं सुचवणारे भेटतात. तो पन्नास वर्षांपुढच्या गाडीला मिळतो, आणि त्या पाटीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. ज्याला चालवायची आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये. घेताना इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा. बऱ्याच फियाटना मधल्या काळात डिझेल इंजिन बसवलं गेलं आणि कागदावर ते चढलंच नाही.

विकणाऱ्यांनाही एक विनंती. मॅट उचलून फ्लोअरचा फोटो टाका. गंज असेल तर गंजाचा टाका. जतच्या गुरुजींनी फोनवर आधीच सांगितलं होतं, "धूर मारते, उंदीर आहेत, पण तळ चांगला आहे." मी तीन तास प्रवास करून गेले ते त्या एका वाक्यावर. गेल्या महिन्यात लग्नाच्या फोटोंसाठी गाड्या भाड्याने देणाऱ्या एकांनी मला साडेचार लाख देऊ केले. मी नाही म्हटलं. ती उभी राहिली तर पुन्हा जतच्या शेडसारखी होईल.

मागच्या डाव्या दाराच्या काचेचं हँडल मात्र अजून मिळालेलं नाही. तिथं सध्या टर्नरदादांनी बनवलेलं पितळी हँडल आहे, वापरायला उत्तम, पण बाकीच्या तिन्हीशी दिसायला जुळत नाही. दिवाळीनंतर पुन्हा एकदा चोर बाजारात जाणार आहे. उजव्या दाराचं मूळ हँडल काढून पिशवीत ठेवलंय.