कॉम्पॅक्ट गाडीसाठी अलॉय चाके : नाशिकमधील एका दुकानाचे परीक्षण

चाकांचे दुकान कसे आहे, हे ओळखण्याची माझी एक सोपी कसोटी आहे. ग्राहक आल्यावर तिथला माणूस त्याला आधी भिंतीवर टांगलेल्या डिझाइनकडे नेतो, की आधी त्याच्या गाडीच्या टायरवरचा आकडा वाचतो, हे पाहावे. मुंबई नाक्याच्या बाजूच्या ज्या दुकानाबद्दल मी लिहीत आहे, तिथे दोन्ही प्रकारची माणसे भेटली. गल्ल्यावर बसलेले गृहस्थ पहिल्या प्रकारचे आणि आतला मेकॅनिक दुसऱ्या प्रकारचा. पुढे एक तक्रारही मांडायची असल्यामुळे दुकानाचे नाव देत नाही.

गाडी मारुती स्विफ्ट, व्हीएक्सआय, रोजच्या वापरातली. गंगापूर रोड ते अंबड एमआयडीसी हे नित्याचे जाणे-येणे आणि अधूनमधून कसारा घाट उतरून मुंबई. या व्हेरियंटला कंपनीकडून १४ इंची पोलादी चाके आणि १६५/८० आर १४ मापाचे टायर (रुंदी १६५ मिमी, कडेची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, चाक १४ इंची) मिळतात, तर झेडएक्सआयला १५ इंची अलॉय (हलक्या मिश्रधातूची) चाके आणि १८५/६५ आर १५ हे माप मिळते. बदल करायचा तो या दुसऱ्या मापाच्या मर्यादेत, असे मी आधीच ठरवले होते. त्यामागे गणित आहे. पहिल्या टायरचा एकूण व्यास सुमारे ६१९.६ मिमी आणि दुसऱ्याचा ६२१.५ मिमी भरतो. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असल्याने स्पीडोमीटरच्या वाचनात जाणवण्याजोगा बदल होत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत फेरफार करता येत नाहीत. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचे माप घेतले, तर आरटीओ किंवा विमा कंपनी यांच्याशी वाद उद्भवण्याचे कारण फारसे उरत नाही.

गल्ल्यावरचा आग्रह अर्थातच वेगळा होता. "दादा, सोळा घ्या, गाडी भरीव दिसेल." दिसेल, यात शंका नाही, आणि १६ इंची चाक म्हणजे निव्वळ हौस असेही नाही, कारण परदेशात स्विफ्ट १८५/५५ आर १६ या मापावर विकली गेली आहे. परंतु तिकडचे रस्ते आणि सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी खणलेले आपले रस्ते यांत फरक आहे. टायरच्या कडेची, म्हणजे साइडवॉलची उंची १६५/८० आर १४ मध्ये १३२ मिमी असते, १८५/६५ आर १५ मध्ये १२० मिमी होते आणि मला सुचवलेल्या १९५/५५ आर १६ मध्ये १०७ मिमीवर येते. एकूण व्यास तिन्हींचा जवळपास सारखाच असल्याने ग्राउंड क्लिअरन्स तसूभरही वाढत नाही, कमी होते ती फक्त खड्डा आणि रिम यांच्यामधली रबराची गादी. पोलादी चाकाची कड वाकली तर ती ठोकून सरळ करता येते. ओतीव अलॉयला मात्र तडा जाऊ शकतो, आणि वेल्डिंग करून घेतलेल्या चाकावर मी तरी महामार्गाच्या वेगाचा भरवसा ठेवणार नाही. त्याच धडकेत साइडवॉलच्या आतील दोरे तुटून टायरला फुगा आला, तर टायरही बदलावाच लागतो.

अलॉय म्हणजे हलके, या समजुतीबद्दलही इथेच लिहितो. फोर्ज्ड, म्हणजे दाबाने घडवलेली चाके खरोखर हलकी असतात, पण बाजारात सर्रास मिळणारी चाके ओतीव असतात. आकार वाढला की त्यांचे वजन पोलादी चाकाच्या बरोबरीला येते आणि काही डिझाइनमध्ये ते ओलांडतेही. दुकानात वजनकाटा होता आणि मागितल्यावर तो कुरकुर न करता पुढे आणला गेला. १६ इंची चाक माझ्या जुन्या पोलादी चाकापेक्षा उघडच जड भरले.

दुकानाची खरी जमेची बाजू म्हणजे आतला मेकॅनिक. त्याने जॅक लावून पुढचे डावे चाक उतरवले, हबवरची, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावरची माती ब्रशने साफ केली आणि कॅलिपरने हबचा व्यास मोजला. स्विफ्टचा पीसीडी ४ बाय १००, म्हणजे चार नट १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर, आणि हबचा व्यास ५४.१ मिमी. पीसीडी बहुतेक दुकाने पाहतात, कारण त्याशिवाय चाक चढतच नाही. (जुन्या फियाट गाड्यांचे ४ बाय ९८ चे चाक मात्र चढल्यासारखे वाटते आणि नट तिरपे बसतात, तेव्हा जुनी चाके स्वस्तात घेणाऱ्यांनी सावध असावे.) हबच्या व्यासाकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही. अनेक गाड्यांना चालावीत म्हणून आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरच्या बाजारातल्या चाकांचे मधले छिद्र मोठे ठेवलेले असते. मी निवडलेल्या चाकाचे ७३.१ मिमी होते. म्हणजे हबभोवती सर्व बाजूंनी साडेनऊ मिमी मोकळी जागा, आणि चाक मध्यावर राखण्याची सारी जबाबदारी एकट्या नटांच्या शंकूसारख्या टोकांवर. मेकॅनिकने तसेच चाक हबवर टेकवून हाताने वरखाली हलवून दाखवले. मग ७३.१ ते ५४.१ ची हब रिंग छिद्रात दाबून बसवली आणि पुन्हा चढवले, तेव्हा चाक हलक्या 'टक्' आवाजासह जागेवर बसले आणि नट न लावताही हबवर थांबले. ही रिंग नसल्यास ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टेअरिंग थरथरते आणि गिऱ्हाईक बॅलन्सिंगच्या खेपा घालत बसते. रिंग प्लॅस्टिकची घ्यावी की ॲल्युमिनियमची, यावर मते निरनिराळी आहेत. प्लॅस्टिकची गंजून चिकटत नाही, हे खरे. परंतु घाटउतारावर पुढच्या डिस्क चांगल्याच तापतात, म्हणून मी ॲल्युमिनियमची घेतली.

ऑफसेटच्या बाबतीत दुकानाने जरा घाई केली. चाकाची मध्यरेषा आणि ते हबला टेकते ती बाजू यांमधील अंतर म्हणजे ऑफसेट. तो चाकावर 'ईटी' या अक्षरांपुढे मिमीमध्ये लिहिलेला असतो. ५.५ जे (साडेपाच इंच) रुंदीच्या ईटी ४५ च्या चाकाऐवजी ६ जे, ईटी ३८ चे चाक बसवले, तर बाहेरची कड सुमारे १३ मिमी बाहेर येते आणि आतली कड जवळपास होती तिथेच राहते. ६.५ जे, ईटी ३५ घेतले, तर हेच अंतर साडेबावीस मिमीच्या पुढे जाते. गाडी उभी असताना ही रुंद बैठक देखणी वाटते. मागे तिघे बसले, डिकी भरली आणि गतिरोधकावरून गाडी खाली दबली, की मडगार्डची कड टायरवर घासू लागते. बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि चाकाने उडवलेला चिखल दाराच्या पत्र्यावर येतो, ते वेगळेच. गल्ल्यावरून "सगळ्यांना हेच बसवतो" असे सांगून ६.५ जे पुढे करण्यात आले. मी ६ जे मागितल्यावर ते गोदामातून मागवावे लागले, त्यात एक खेप वाया गेली. १८५/६५ आर १५ टायरला ५ ते ६.५ इंच रुंदीची रिम चालते. म्हणजे ६.५ जे टायरच्या दृष्टीने नियमात बसत होते, पण अगदी शेवटच्या टोकाला.

चाकाच्या मागच्या बाजूला माप, ईटी आणि कमाल भार यांच्यासह आयएसआय चिन्ह ओतलेले होते. प्रवासी गाड्यांच्या हलक्या मिश्रधातूच्या चाकांसाठीचे मानक आयएस १६१९२, भाग २ हे आहे, आणि चिन्ह नसलेले चाक कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. टायर ८८ भारांकाचे, म्हणजे प्रत्येकी ५६० किलोपर्यंतचे घेतले. उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष दाखवणारे चार आकडे दुकानाने आपणहून दाखवले.

आता तक्रार. बॅलन्सिंग नीट झाले, वजने चाकाच्या आतल्या बाजूला चिकटवली, अलाइनमेंटचा कागदही दिला. पण चाके चढवताना एका पोराने नट हाताने दोन-चार आटे फिरवण्याऐवजी थेट हवेच्या गनने मारायला सुरुवात केली. मारुतीचे नट एम १२ बाय १.२५ चे (१२ मिमी व्यास, दोन आट्यांमधले अंतर १.२५ मिमी) आणि होंडा, ह्युंदाईचे एम १२ बाय १.५ चे असतात. डब्यात दोन्ही एकत्र पडलेले असतील, तर नजरेला फरक कळत नाही. चुकीचा नट हाताने फिरवला तर दुसऱ्या-तिसऱ्या आट्याला अडतो आणि चूक लक्षात येते. गन मात्र तोच नट रेटून स्टडचे, म्हणजे हबवरच्या बोल्टचे आटे कापून टाकते. मी थांबवल्यावर मेकॅनिकने सगळे नट सैल करून, पुन्हा हाताने लावून, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने आवळले. तो पाना कुलूपबंद कपाटातून काढावा लागला, यावरून तो किती वेळा बाहेर येत असेल, याचा अंदाज करावा. शे-सव्वाशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायला बोलावले, ते विनामूल्य केले.

रस्त्यावर गाडी आता वळणांवर अधिक ठाम राहते. शहरातल्या द्वारका ते आडगाव नाका या पट्ट्यात खड्ड्यांचे हादरे पूर्वीपेक्षा किंचित जास्त कळतात, आणि तेवढे अपेक्षित होते. घासण्याचा आवाज पाच माणसांसह सिन्नरला जाऊनही आला नाही.

जुनी पोलादी चाके दुकानदार परत घेतो, भाव मात्र पाडून देतो. स्टेपनी अर्थातच १४ इंचीच राहू दिली, कारण व्यास जुळत असल्याने ती तात्पुरती निर्धास्त वापरता येते. नव्या चाकांची नटांची भोके अरुंद असल्यामुळे सडपातळ नट वेगळे घ्यावे लागले. स्टेपनी लावायची वेळ आली तर पोलादी चाकाला कंपनीचेच नट हवेत, म्हणून त्यांतले चार नट एका पिशवीत घालून जॅकशेजारी ठेवून घ्यावेत. ते दुकानदार आठवणीने देत नाहीत, मागावे लागतात.