ठोकळे पडले, आता पोटावर हात : ‘ब्रीद, थिंक, डू’ अ‍ॅप

‘सेसमी स्ट्रीट’ ही मुलांची टीव्ही मालिका काढणाऱ्या सेसमी वर्कशॉपचं हे फुकट अ‍ॅप २ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी आहे. एक केसाळ छोटा राक्षस आणि पाच प्रसंग, सगळे घरोघरचे: बूट पायात जात नाही, ठोकळ्यांचा मनोरा कोसळला, घसरगुंडीवर नंबर लागत नाही, शाळेच्या दारात टाटा करवत नाही, रात्री झोपायचं जिवावर येतं. राक्षस रडकुंडीला आला की त्याच्या पोटावर टिचकी मारून त्याला सावकाश श्वास घ्यायला लावायचा. मग विचारांचे फुगे फोडायचे, सुचलेल्या तीन युक्त्यांतली एक निवडायची.

गडबड पहिल्याच पायरीवर होते. पडद्याला फक्त टिचकी कळते, त्यामुळे पोरं टकाटक बोट मारून पुढे सरकतात आणि श्वास राक्षस एकटाच घेतो. म्हणून फोन मुलाच्या हातात न देता टेबलावर ठेवा. त्याचा एक हात स्वतःच्या पोटावर, दुसऱ्यानं टिचकी. ‘श्वास सोड’ म्हटलेलं तीन वर्षांच्या मुलाला समजत नाही. ‘गरम वरणावर फुंकर घाल’ लगेच समजतं.

फुगे फोडण्यात इतकी मजा आहे की युक्त्यांकडे लक्षच राहत नाही. निवडीपाशी थांबून ‘तू काय केलं असतंस?’ एवढं विचारा. उत्तर आलं नाही तरी चालेल.

अ‍ॅप इंग्रजी आणि स्पॅनिशमध्येच आहे, मराठी नाही. आवाज बंद करून आपणच बोललेलं बरं. तसंही मोठं माणूस शेजारी नसेल तर यात फारसं काही उरत नाही. पालकांच्या विभागात आपल्या आवाजात शाबासकी रेकॉर्ड करता येते. तिथे ‘थोडं थांब, जमेल तुला’ हे आजीच्या आवाजात भरून ठेवा. अख्ख्या अ‍ॅपमधली सगळ्यात कामाची सोय हीच, आणि बहुतेकांच्या नजरेतून ती सुटते.

मूल भोकाड पसरून रडत असताना मात्र हे उघडू नका. तेव्हा ते काही शिकत नाही, रडलं की फोन मिळतो एवढंच शिकतं. एका वेळी एकच प्रसंग पुरे, आणि तो शांत वेळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसाला एक तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये. हा वेळही त्यातच धरा. बुटांचा प्रसंग झाला की त्याच संध्याकाळी खरे बूट पुढे ठेवा.

पाच प्रसंग आठवड्याभरात पाठ होतात, नवीन काही नाही. भावंडांची भांडणं तर यात नाहीतच.