न लढता ‘फायनल फॅन्टसी १४’: दर दोन तासांनी सुटणारी बोट

उजव्या मनगटाच्या दुखण्यामुळे भराभर बटणं दाबणं मला जमत नाही. अर्ध्या तासाचं एक डंजन, म्हणजे गटाने करायची लढाईची मोहीम, केलं की रात्रभर ठणका. म्हणून ऑनलाइन गेम सोडावेत असं मात्र कधी वाटलं नाही, कारण मला त्यात हवी असतात ती माणसं. लढाईची हौस मला आधीही बेताचीच होती. गेली दोन वर्षं मी ‘फायनल फॅन्टसी १४’ खेळते आहे आणि त्यातला बहुतेक वेळ लिम्सा लोमिन्सा नावाच्या बंदरात, धक्क्यावर उभी राहून घालवला आहे. हे परीक्षण त्या धक्क्याचं आहे. राक्षस, बॉस, रेड म्हणजे मोठ्या गटाच्या लढाया, यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

मासेमारी, घरं, कपडे हे आता बऱ्याच गेममध्ये असतं, पण तोंडी लावण्यापुरतं. इथे कोळी हा एक पूर्ण पेशा आहे. त्याला तलवारबाजासारख्याच १ ते १०० लेव्हल आहेत, त्याचे स्वतःचे क्वेस्ट (गेमने सोपवलेली कामं), स्वतःचे कपडे आणि हत्यारं आहेत. कोळ्याबरोबर खाणकामगार आणि वनस्पती गोळा करणारा असे संकलनाचे तीन, आणि सुतार, लोहार, चिलखतकार, सोनार, चर्मकार, विणकर, किमयागार, आचारी असे कारागिरीचे आठ पेशे. हे सगळे एकाच कॅरेक्टरला शिकता येतात. हातातलं अवजार बदललं की पेशा बदलला. त्यामुळे न लढणारा माणूस या जगात कुणाचा मदतनीस म्हणून वावरत नाही, तो त्याच्या धंद्यातला जाणता म्हणून वावरतो.

आता बोट. फेब्रुवारी २०२० मध्ये या गेममध्ये समुद्रावरची मासेमारी आली. खऱ्या घड्याळाच्या दर दोन तासांनी बोटीच्या फेरीची नोंदणी सुरू होते आणि फक्त पंधरा मिनिटं चालू राहते. एका बोटीवर जास्तीत जास्त २४ जण. बोट तीन ठिकाणी थांबते, प्रत्येक ठिकाणी सात मिनिटं. बहुतेक काम रॅगवर्म, क्रिल आणि प्लम्प वर्म या तीन आमिषांवर भागतं, आणि ती धक्क्यावरच विकत मिळतात. गळ टाकायचा, थांबायचं, आणि हिसका बसला की डोक्यावर किती उद्गारचिन्हं उमटली ते बघायचं. एक म्हणजे हलका मासा, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे जड. त्याप्रमाणे बटण दाबायचं. माझ्या मनगटाला हा वेग मानवतो.

पण मी पुन्हा पुन्हा जाते ते स्पेक्ट्रल करंटसाठी. बोटीवरच्या कुणा एकाच्या गळाला एक ठरावीक मासा लागतो आणि त्या क्षणी सगळ्यांसाठी समुद्र बदलतो. आकाश रंगीत होतं, पाणी झळाळतं, आणि पुढची दोनेक मिनिटं एरवी न मिळणारे मासे भराभर लागू लागतात. मासा धरला एकाने, उजळलं चोविसांसाठी. तो मासा धरणारा परवा पहिल्यांदा गळ हातात घेतलेला नवशिक्याही असू शकतो, कारण १ लेव्हलचा आणि १०० लेव्हलचा कोळी एकाच डेकवर उभे असतात. काही बोनसही सगळ्या बोटीचे मिळून मोजले जातात: सगळ्यांनी मिळून पुरेसे शार्क धरले की बोनस सगळ्यांना. लढाईच्या गटात मी नेहमी धसक्यात असायची, एकाची चूक आणि सातजण खाली. इथे माझ्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही, घडलं तर बरंच घडतं. एका गेमने एवढी साधी गोष्ट इतक्या नीट बांधलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आणि नोंदणीच्या आधीची ती पाच-दहा मिनिटं! लोक जमू लागतात. कुणी बसतं, कुणी नाचतं, कुणी नव्या टोपीसकट गोल फिरून दाखवतं. नव्या खेळाडूच्या नावापाशी कोंब फुटलेल्या रोपाचं चिन्ह असतं, ते दिसलं की कुणीतरी वाकून नमस्कार करतंच. बोलायला भाषा आड येत नाही, कारण चॅटमध्ये तयार शब्दांचा एक कोश आहे. शब्दाची सुरुवात टाइप करून टॅब दाबलं की तो वाक्प्रयोग जपानी, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच यांपैकी समोरचा ज्या भाषेत गेम खेळतो, त्या भाषेत त्याला दिसतो. एका जपानी खेळाडूशी माझी चार महिन्यांची ओळख अशाच तयार वाक्यांवर उभी आहे. ‘नमस्कार’, ‘मासेमारी’, ‘धन्यवाद’, ‘पुन्हा भेटू’. एवढ्यात किती माया मावते, हे बोटीवरून उतरताना दरवेळी जाणवतं.

गोल्ड सॉसर या जत्रेत पत्ते, चोकोबो पक्ष्यांच्या शर्यती आणि माहजाँग आहे. शुक्रवारची फॅशन परीक्षा मला आवडते, बाकीचं ठीक. इशगार्डचा भाग मात्र आवर्जून बघा. डिसेंबर २०१९ पासून त्या शहराची पडझड झालेली वस्ती कारागिरांनी आणि संकलन करणाऱ्यांनी मिळून उभी केली, आणि प्रत्येक सर्व्हरची प्रगती वेगळी मोजली गेली. मी उशिरा आले, मला ती बांधलेलीच मिळाली. तिथले जिने चढताना, हे खेळाडूंनी आणलेल्या लाकडादगडातून झालंय, हे मी विसरू शकत नाही.

तक्रारी आहेत, आणि त्या माझ्यासारख्यांसाठी मोठ्या आहेत. या शांत जगाचं दार लढाईतूनच उघडतं. पहिला, लढाईचा पेशा १० लेव्हलपर्यंत नेऊन त्याचा क्वेस्ट केल्याशिवाय दुसरा पेशा मिळत नाही. वाद्य वाजवायचं तर धनुर्धारी ३० लेव्हलपर्यंत नेऊन बार्ड, म्हणजे गाणारा-वाजवणारा लढवय्या, व्हावं लागतं. घर किंवा अपार्टमेंट हवं तर कुठला तरी पेशा ५० लेव्हलला आणि ग्रँड कंपनीत, म्हणजे गेममधल्या सैन्यात, सेकंड लेफ्टनंटची रँक हवी. सुताराला स्वतःचं घर मिळण्यासाठी डंजन का मारावं लागावं? वर घरांचे प्लॉट मोजके, एका वॉर्डात ६०, आणि नशीब आजमावायला सोडत. ४५ दिवस घरात पाऊल ठेवलं नाही तर घर पाडण्याचा नियम आहे. आजारपणात किंवा कामाच्या गर्दीत दीड महिना कसा सरतो हे नियम करणाऱ्याने लक्षात घ्यायला हवं होतं. फुकट ट्रायल ७० लेव्हलपर्यंत मुदतीशिवाय चालते, पण त्यात कुणाला खासगी निरोप पाठवता येत नाही आणि फ्री कंपनीत, म्हणजे खेळाडूंच्या मंडळात, जाता येत नाही. माणसांसाठी येणाऱ्याने ट्रायलवरून गेमची पारख करू नये.

बार्डसाठीच्या त्या ३० लेव्हल मी रोज पंधरा मिनिटं खेळून, मध्ये दिवस सोडून, दोन महिन्यांत पुऱ्या केल्या. फळ मिळालं. बार्डला कळफलकावर तीन सप्तकं मिळतात, आणि आजूबाजूला उभ्या असलेल्यांना ते तिथल्या तिथे ऐकू येतं. एका पार्टीतले, म्हणजे खेळाडूंच्या छोट्या गटातले, आठ जण एकत्र वाजवू शकतात, मेट्रोनोमसकट.

गेल्या आठवड्यात धक्क्यावर बोटीची वाट बघत होते. शेजारी तिघं वाजवत होती, एक ल्यूट, एक बासरी, एक ढोल. संथ, कुणाच्या ओळखीची नसलेली चाल. मी ऐकत उभी राहिले तशी ल्यूटवालीने पार्टीचं निमंत्रण पाठवलं. गळ ठेवला, हार्प घेतली. मला जमतं तेवढं, मंद्र सप्तकातले चार स्वर, सावकाश, पुन्हा पुन्हा. पंधरा मिनिटं कधी संपली कळलं नाही. नोंदणी बंद झाली, बोट गेली. ढोलवाल्याने समुद्राकडे बोट दाखवण्याचा इमोट, म्हणजे हावभाव, केला, आणि मग चौघंही तिथेच खाली बसलो. पुढची बोट दोन तासांनी होती.