पोराला बीएस्सी नर्सिंगला घालून आठ महिने झाले, आमचा अनुभव (तासगाव)

आधीच सांगते, मी शिवणकाम करते, मेडिकल लाइनचं मला काही कळत नव्हतं, आता थोडंफार कळतं. ॲडमिशनच्या वेळी मला कुणीतरी असं सविस्तर सांगायला पाहिजे होतं म्हणून लिहितेय. कॉलेजचं नाव घेणार नाही, पोरगा अजून तीन वर्षं तिथंच आहे.

नर्सिंग हे पोराचंच डोकं. त्याची आजी मांडीचं हाड मोडून मिरजेत तीन आठवडे ॲडमिट होती, तेव्हा हा अकरावीत. रात्री तोच थांबायचा. तिथल्या एका ब्रदरनी, म्हणजे पुरुष नर्सनी, त्याला दाखवलं की दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, पाठ कशी पुसायची, नाहीतर पडून पडून अंगाला जखमा, बेडसोअर होतात. आजीला शेवटपर्यंत एक फोड आला नाही पाठीला. तेव्हापासून ह्याच्या डोक्यात बसलं. बारावीला नीट (डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) दिली, मार्क काही खास नाहीत, पप्पांनी डी.फार्मचं (फार्मसीच्या डिप्लोमाचं) काढलं, हा म्हणाला "मला नर्सिंगच करायचंय." झालं, घरात आठ दिवस भांडणं. चुलत सासरे म्हणाले, "पोरगं आन् नर्स? मग पोरगी कोण देईल त्याला?" मी म्हटलं अजून मिसरूड फुटायचंय, पोरीचं नंतर बघू.

मग जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) का बीएस्सी (डिग्री) ह्यावर डोकं खाल्लं सगळ्यांनी. जीएनएम तीन वर्षांचं, बारावी कुठल्याही शाखेची चालते. बीएस्सी चार वर्षांचं, त्याला बारावी सायन्स पाहिजे, फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी आणि इंग्लिश. जीएनएम करून पुढं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं पण ते अजून दोन वर्षं, म्हणजे एकूण पाच. पोरानं सायन्स घेतलेलंच होतं म्हटल्यावर सरळ बीएस्सी. त्याला नर्सिंगची वेगळी सीईटी असते हे आम्हाला फॉर्मची मुदत संपायला चार दिवस राहिल्यावर कळलं! नीट दिलीय म्हणजे झालं असं समजून बसलेलो. सीईटीत त्याच चार विषयांबरोबर नर्सिंग ॲप्टिट्यूड म्हणून एक भाग असतो, तो सोपा समजून सोडू नका, आमच्या पोराचे तिथंच मार्क गेले.

परीक्षा झाली उन्हाळ्यात, द्राक्षबागेच्या खरड छाटणीच्या गडबडीत, आणि कॅपच्या (सरकारी प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या चालल्या पार दिवाळीपर्यंत. म्हणजे आमच्याकडं बागेची फळछाटणी सुरू, औषधाला आणि मजुरीला पैसे जातायत आणि त्याच वेळी कॉलेजची फी. द्राक्षवाल्यांनो, हा हिशोब आधीच धरून ठेवा.

कॉलेजं आम्ही तीन बघितली, मी आणि पोरगा, पप्पा बागेत. पहिलं साताऱ्याकडचं. काय बिल्डिंग हो, काचेची! लॅबमध्ये प्लास्टिकचे माणसाएवढे बाहुले, त्यांच्यावर इंजेक्शन द्यायला शिकवतात, प्रोजेक्टर, एसी. पोरगा एकदम खूश. मी म्हटलं हॉस्पिटल दाखवा. मागच्या बाजूला हॉस्पिटल होतं, वॉर्डात गेलो तर गाद्यांवरचं कंपनीचं प्लास्टिक तसंच, फाडलेलं पण नाही. पंख्याखाली एक सिस्टर मोबाईल बघत बसलेली. मी विचारलं पेशंट कुठायत, तर बरोबरचे सर म्हणाले "आज गर्दी कमी आहे." सोमवार होता, सकाळचे अकरा. आमच्या गावच्या पीएचसीत (सरकारी आरोग्य केंद्रात) सोमवारी पाय ठेवायला जागा नसते. तिथनं आम्ही वडापाव खाऊन परत.

नर्सिंग कौन्सिलचा नियम आहे की बीएस्सीच्या कॉलेजला स्वतःचं किमान 100 खाटांचं हॉस्पिटल पाहिजे, आणि एका विद्यार्थ्यामागं तीन पेशंट पाहिजेत. कागदावर खाटा सगळ्यांकडं असतात. खाटेवर माणूस आहे का ते स्वतः जाऊन बघायचं.

दुसरं अभिमत विद्यापीठाचं. आपल्याकडं कराडचं कृष्णा, सांगलीतलं भारती विद्यापीठ ही अभिमत, त्यांची प्रवेशाची पद्धत वेगळी, राज्याच्या कॅपमधनं ते होत नाही. पेशंट भरपूर, शिकायला चांगलंच असणार, पण फी आमच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून तिथं फार वेळ घालवला नाही.

तिसरं मिरजेकडचं, तिथं घेतलं. इमारत जुनी, रंग उडालेला, पोरगा नाक मुरडत होता. ऑफिसात मॅडमनी माहितीपत्रक दिलं आणि सगळं गोड गोड सांगितलं. मी पोराला म्हटलं तू इथं बस, आणि वॉर्डात जाऊन तिथल्या मावशींना गाठलं. लादी पुसत होत्या. विचारलं, "मावशी, ही शिकायला येणारी पोरं इथं काय करतात ओ खरं?" त्या म्हणाल्या, "सकाळी साताला येत्यात, बेड करत्यात, बीपी बघत्यात, सिस्टर बोलत्यात त्यास्नी, एक पोरगी काल रडली बघा बाथरूममदी. पण शिकत्यात." मला तेवढं पुरे झालं. बाहेर चहाच्या गाड्यावर सेकंड इयरच्या दोन पोरी होत्या, त्यांनी पण मेसला शिव्या दिल्या, वॉर्डाला दिल्या नाहीत. पोराला सांगितलं, भिंतीला रंग नंतर देतील, तू हितंच फॉर्म भर. अजून तो कधीमधी ती काचेची बिल्डिंग काढतो.

आता पैशाचं. माझ्या नणंदेची पोरगी पण ह्याच वर्षी नर्सिंगला, दुसऱ्या कॉलेजात. जुलै 2024 च्या जीआरनं ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, फक्त ॲडमिशन कॅपमधनं पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. आमचा मुलगा, त्याला निम्मीच माफी. तीही शिक्षण शुल्काची निम्मी, बाकी होस्टेल, मेस, डिपॉझिट, बस सगळं आपलं. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर कळते, ती बघून मगच ऑफिसात जा. आम्ही बघून गेलो, तरी तिथं म्हणाले आधी पूर्ण भरा, महाडीबीटीचे (सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचे) पैसे आले की परत देऊ. त्या दिवशी सीट जाईल ह्या भीतीनं सोसायटीतनं कर्ज उचलून भरले. आठ महिने झाले, अजून "प्रोसेसमध्ये आहे." मी दर महिन्याला फोन करते, क्लार्क आता माझा आवाज ओळखतो. तुम्ही भरलेच तर परत देणार असं लेखी घ्या. मी नाही घेतलं.

आणि युनिफॉर्म. ह्याच्यावर मी बोलणारच, माझा धंदाच आहे. युनिफॉर्म कॉलेजनं सांगितलेल्याच दुकानातनं घ्यायचा, बाहेर शिवलेला चालणार नाही. तीन जोडांचे 7,200 घेतले. कापड टेरिकॉट म्हणून दिलं, हातात घेतल्यावरच कळलं पॉलिस्टर जास्त आहे, मिरजेच्या मे महिन्यात पोरगं त्यात उकडून निघालं. शिलाई तर विचारू नका, काखेत शिलाईला दाबच (आतलं जादा कापड) ठेवलेला नाही, पेशंटला उचलायला हात वर केला की टर्र! संक्रांतीला आला तेव्हा तिन्ही शर्ट काखेत उसवलेले. रात्री बसून उसवून परत शिवले, काखेत चौकोनी कळी घातली, आता हात कसाबी हलवा. धुवायच्या आधी खिसे बघितले तर वरच्या खिशात कागदाची पट्टी, औषधाच्या खोक्याची फाडलेली, तिच्यावर बारीक अक्षरात बेड नंबर 4, 5, 7, पुढं ताप, नाडी, श्वास असे आकडे, आणि 7 च्या पुढं लिहिलेलं "आजोबा जेवले नाहीत, सिस्टरना सांगणे." ती पट्टी मी मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीय, त्याला सांगितलेलं नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर बरं चाललंय, सगळंच छान असं नाही. पहिल्या सेमिस्टरला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, इंग्लिश आणि नर्सिंग फाउंडेशन. दहावीपर्यंत मराठी मीडियम, त्यामुळं पहिले दोन महिने पोरगा रोज रात्री फोनवर, "आई, शब्दच कळत नाहीत." ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पेपर एकत्र असतो, पासिंग 50 टक्क्यांना, आपल्या शाळेसारखं 35 नाही, हे आम्हाला माहीतच नव्हतं. काठावर निघाला. थिअरीला हजेरी 80 टक्के लागते, त्यामुळं "लग्नाला चार दिवस ये" वगैरे विसरा, मामाच्या लग्नाला सकाळी आला आणि अक्षता टाकून पाचच्या एसटीनं परत.

शिकवणारी माणसं कमी पडतात, ही माझी मोठी तक्रार. वॉर्डात पोरं वीस आणि शिकवायला एक मॅडम, त्याही मधनंच ऑफिसच्या कामाला. मग पोरं काय करतात, फायली इकडनं तिकडं नेतात, व्हीलचेअर ढकलतात, एक्स-रे आणून देतात. सुरुवातीला ठीक, पण दोन-दोन आठवडे तेच असेल तर मग आपण फी कशाची भरतोय? पोरगा म्हणतो ज्याला विचारायची लाज नाही तो शिकतो, सिनियर सिस्टर विचारलं की दाखवतात, फक्त आधी एकदा ओरडतात. मेसची भाजी पाण्यासारखी, ते प्रत्येक होस्टेलचंच आहे, सोडून देते. चटणी-भडंग पाठवते इथनं.

मुलगा म्हणून काही गोष्टी वेगळ्या आहेत, मुलांच्या पालकांनी हे नीट वाचा. वर्गात बावन्न पोरी आणि सात पोरं. काही कॉलेजं फक्त मुलींचीच असतात, एम्सचं बीएस्सी नर्सिंग पण फक्त मुलींना. पुढं एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या भरतीत 80 टक्के जागा बायकांना, 20 पुरुषांना. हे कळल्यावर मी जरा घाबरले, पोराला आधीच माहीत होतं, बोलला नव्हता. बायकांच्या वॉर्डात काही नातेवाईक म्हणतात पोरगी पाठवा, तेव्हा गप बाजूला व्हायचं. प्रसूतीची पोस्टिंग पुढं आहे, तिथं पोरांना कितपत उभं करतात हे सिनियरना विचारून ठेवलंय, दोघांनी दोन वेगळी उत्तरं दिली.

उलट ऑर्थोपेडिक आणि पुरुष सर्जिकलला ह्या सात पोरांना सारखं बोलावणं. पेशंट लोक ह्याला "ब्रदर" म्हणून हाक मारतात. पहिल्यांदा मारली तेव्हा, तो सांगत होता, मागं वळून बघितलं खरे ब्रदर आलेत का म्हणून.

चुलत सासरे गेल्या महिन्यात पायाला जखम घेऊन आले होते घरी, शुगरवाले. पोरगा सुट्टीवर होता. आधी हात धुतले, मग जखम बघितली आणि म्हणाला, "आजोबा, ह्याला हळद लावायची नाही, आजच्या आज डॉक्टरकडं चला, मी येतो संगं." गेले गुमान. पोरगी कोण देईल हा विषय त्या दिवशी निघाला नाही.

बाकी कुणाला ह्या वर्षी घालायचं असेल तर विचारा, कॉलेजचं नाव मात्र फोनवरच सांगीन. आणि हो, ह्याच्या वर्गातल्या सहा पोरींनी काखेतली शिलाई मारायला युनिफॉर्म पाठवलेत, पिशवी काल आलीय, रविवारच्या आत द्यायचेत.